मशीनमधलं गाव

बसा. त्या खुर्चीवर बसा, पण चारपर्यंतच, चारला ती खुर्ची लागते. चहा मिळणार नाही, आधीच सांगून ठेवतो, या घरात चहा करते ती माझी बहीण आणि ती माझ्याशी बोलत नाही, तर पाहुण्यासाठी चहा टाक म्हणून कुठल्या तोंडानं सांगू. रेकॉर्डिंग चालू करायचं तर करा. मला काही फरक पडत नाही, मी तीस वर्षं साऱ्या लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या या आमच्या भागात, ओरडून ओरडून बोललेलो माणूस आहे, आता एका मोबाईलपुढं काय लाजायचं.

नाव दत्तात्रय माने. साठी उलटली. आम्ही मूळचे खटावचे. आता मूळचे मतलब काय, तर आमचा कोणी खापरपणजोबा शिंद्यांच्या फौजेबरोबर घोड्यावर बसून इकडे आला, तो खटावचा. त्याच्यानंतर आमच्यातल्या एकानंही खटाव बघितलेलं नाही. माझ्या वडिलांनी नाही, त्यांच्या वडिलांनी नाही. मी बघितलं ते नकाशात. पण ग्वाल्हेरातल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, भाऊ गाव कोणतं, तो ग्वाल्हेर म्हणणार नाही. वाई म्हणेल, शिरवळ म्हणेल, कऱ्हाड म्हणेल. जन्म इथल्या जनाना अस्पतालातला, शाळा इथली, भांडण आलं की तोंडात हिंदी, मेला तर इथंच जाळणार, आणि गाव खटाव. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागेल. माझ्या आयुष्याची माती याच गोष्टीनं झाली, आणि माझ्या एकट्याची नाही झाली.

तुम्ही पुण्याचे. पुण्याचे लोक इथं आले की आमची मराठी ऐकून गालात हसतात, मला दिसतं ते. हसा. माझा जुन्या मशीनींचा छंद बघायला आलात असं फोनवर म्हणालात, तर छंद म्हणू नका. छंद पोट भरलेल्यांचा असतो. मी टाइपिंगच्या क्लासात कॉम्प्युटर शिकलो, मग दुरुस्ती शिकलो, मग लोक नव्या मशीनी घ्यायला लागले आणि माझ्याकडे जुन्याच उरल्या. हजीऱ्यात मुन्नालाल कबाडी आहे. सरकारी दफ्तरातला, शाळेतला, बंद पडलेल्या कारखान्यातला माल त्याच्याकडे पोत्यानं येतो आणि तो हातोडा घेऊन बसतो, तांबं वेगळं, लोखंड वेगळं, आतली सर्किटची पाटी वेगळी. मी त्याला सांगून ठेवलंय की फ्लॉपीवाली मशीन आली तर आधी मला फोन कर, मग फोड. तो करतो, पण दर वेळी म्हणतो, दत्ता भाई, तुम भी पुराने हो गए, तुम्हें किस को बेचूँ. त्याला हसू येतं. मला येत नाही.

आणि विकत कोण घेतं ठाऊक आहे का. एक जण आला, त्याला हॉटेलात ठेवायला पाहिजे होती, आतलं सगळं काढून आत दिवा लावणार म्हणाला. मी त्याला दुकानातून काढला. दुसरा आला, भाईसाहब इसमें फिश टैंक बन जाएगा क्या. त्याला पण काढला. ज्या मशीनीवर कोणी माणूस वीस वर्षं मान मोडून बसलेला असतो तिच्यात हे मासे सोडणार. मोहल्ल्यात मला तोंडाळ म्हणतात, म्हणू देत, माझ्या दुकानात मासे मिळत नाहीत.

काम कसं करतो ते सांगतो, म्हणजे तुमच्या लिहिण्यात काही तरी कामाचं येईल. जुनी मशीन आली की लोक काय करतात, आधी प्लग लावतात. चालते का बघू म्हणतात. आणि फट् करून जे उरलंसुरलं असतं ते जळतं. मी आठ-दहा दिवस प्लगला हात लावत नाही. आधी उघडायची. आत पाटीवर एक छोटी बॅटरी असते, ती इतक्या वर्षांत फुटून तिचं पाणी पाटीवर सांडलेलं असतं, हिरवं हिरवं, शेवाळासारखं. ती काढायची, लिंबाच्या रसानं ते हिरवं खरवडायचं, स्पिरिटनं धुवायचं, जुन्या दातांच्या ब्रशनं, मग उन्हात वाळवायचं. मग हा बघा, हा माझा सिरीज बल्ब. घरातली वीज आधी या शंभरच्या बल्बातून जाते, मग मशीनीत. आत काही खराब असलं तर बल्ब भगभगून पेटतो आणि मशीन वाचते. सगळं ठीक असलं तर बल्ब एकदा उजळतो आणि मंद होतो. बल्ब मंद झाला की समजायचं, आतमध्ये जीव आहे. तीस वर्षांत हा बल्ब माझ्याशी खोटं बोललेला नाही. माणसांचं मी सांगत नाही.

आता गुरुजींचं सांगतो. याच जयेंद्रगंजात दोन गल्ल्या सोडून अण्णा गुरुजी राहायचे. जोशी, पत्रिका करणारे. लष्करातल्या सगळ्या मराठी घरांच्या पत्रिका त्यांच्याकडं, ब्राह्मणांच्या पण आणि आम्हा मराठ्यांच्या पण. त्यांचा जावई पुण्याला होता, त्यानं सासऱ्यांना कॉम्प्युटर पाठवला, त्यात पत्रिकेचा प्रोग्राम, आणि मराठी अक्षरं यावीत म्हणून आत वेगळी सर्किटची पाटी. ग्वाल्हेरात तेव्हा कॉम्प्युटरची पत्रिका म्हणजे केवढी गोष्ट. गुरुजी मशीनीला हात लावायला भ्यायचे. पंचांग घेऊन पाटावर बसायचे, लांब, आणि मशीनीवर बसायचो मी. सत्तावीस वर्षांचा होतो, क्लासात पहिला आलेलो, डोक्यात वारं. खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा असते, आमच्या घरात हत्यार काही उरलं नव्हतं, तर मी गुरुजींच्या घरी त्या मशीनीची पूजा केली, मॉनिटरच्या कोपऱ्यावर हळदकुंकवाचं बोट ओढलं. गुरुजी हसले, म्हणाले, तुझी तलवार हीच.

आता काय झालं ते तुम्हाला आधी तसंच सांगतो, जसं मी तीस वर्षं गावाला सांगत आलो.

माझी धाकटी बहीण विमल. तिला कदमांच्या सुरेशचं स्थळ आलं. स्थळ आलं म्हणतो, पण गणपतीत दोघांनी एकमेकांना बघितलेलं होतं, तो रेडिओ दुरुस्त करायचा म्हणून आमच्याकडं यायचा, रेडिओला काही झालेलं नसायचं. विमल त्या दिवसांत स्वैपाक करताना गुणगुणायची. इतकी खुश मी तिला त्याच्या आधी बघितली नाही, नंतर तर नाहीच. कदम मंडळी पत्रिकेवर अडलेली होती, तर गुरुजींच्या बैठकीत सगळे जमले, दोन्हीकडचे. मशीनीतून विमलची पत्रिका निघाली. सिंह लग्न, सातव्या घरात मंगळ. कदमांच्या सुरेशला मंगळ नव्हता. सुरेशची आई उठली, कागद घडी करून पिशवीत टाकला आणि गेली, बस. त्याच वर्षी सुरेशचं लग्न झालं, पैसेवाल्या घरातली मुलगी, आणि ती पत्रिका पण अण्णा गुरुजींनीच जुळवलेली. आता तुम्हीच सांगा, माणूस काय समजणार. मी हेच समजलो की म्हाताऱ्यानं मोठ्या यजमानासाठी माझ्या बहिणीच्या पत्रिकेत मंगळ घुसवला. कसा घुसवला ते मला ठाऊक नव्हतं, पण घुसवला.

त्यानंतर मी त्या माणसाला जगू दिलं नाही. त्यांच्या दारात उभं राहून शिव्या दिल्या, म्हटलं तुमची मशीन चोर आणि तुम्ही चोर. ते खिडकीतून एवढंच म्हणाले, दत्ता, मशीन मी चालवत नाही रे, तू चालवतोस. मला ते उद्धट वाटलं, मी आणखी चार शिव्या दिल्या. गणपतीच्या मंडपात सगळ्यांसमोर बोललो, हळदीकुंकवाच्या बायकांपर्यंत बोललो, लग्नाच्या पंगतीत बोललो. लोकांना काय, ऐकायला मजा येते. हळूहळू त्यांच्याकडं कोणी जाईना. सकाळी देवळात जाताना ते माझ्या दुकानावरून जायचे, मान खाली घालून, आणि मी मुद्दाम रस्त्यावर पानाची पिंक टाकायचो, त्यांच्या पायापाशी. ते धोतर उचलून पुढं जायचे. मेले तेव्हा अख्खा मोहल्ला गेला, मी गेलो नाही. दुकान उघडं ठेवलं, मुद्दाम.

आणि विमलचं काय. एकदा मंगळ आहे म्हणून बाहेर पडलं की मग ते घरोघरी आपोआप पोचतं. दुसरं स्थळ मोडलं, तिसरं आलंच नाही. शाळेत मुलींना शिवण शिकवायला लागली, शिकवता शिकवता रिटायर झाली. बहीण घरात बसलेली, मी लग्न कसं करू, तर मी पण केलं नाही, आणि त्याचा हिशोब पण गुरुजींच्याच नावावर मांडला. राग मोठी सोयीची गोष्ट असते हो, सगळं एकाच खुंटीला टांगता येतं.

तर मागच्या उन्हाळ्यात मुन्नालालचा फोन आला. हरिशंकरपुरम से माल आया है, किसी पंडित जी का, देख लो नहीं तो तोड़ दूँगा. हरिशंकरपुरमात गुरुजींचा नातू राहतो, मला काय माहीत की त्यानं माळा साफ केला. गेलो. पोत्यांच्या ढिगात ती पडलेली, आणि मॉनिटरच्या कोपऱ्यात कुंकवाचा डाग. प्लास्टिकात मुरलेला, तपकिरी झालेला. माझंच बोट. काय सांगू तुम्हाला, मला आनंद झाला. वाटलं सापडली, आता हिला मी माझ्या हातानं फोडतो. रिक्षात घालून घरी आणली. विमल दारात होती, तिनं कोपऱ्यातला डाग बघितला, बोलली, आणलीस ना, मग फोड आता. मी हातोडा पण काढला.

पण लालूच वाईट. गुडगावचे एक साहेब आहेत, जुन्या मशीनी जमवतात, मासे वगैरे सोडत नाहीत, नीट काचेत ठेवतात. त्यांना मी फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन, माने जी, अगर उसका ओरिजिनल कुंडली वाला सॉफ्टवेयर चल गया तो मैं खुद लेने आऊँगा. मी विमलला म्हटलं, फोडून काय मिळणार, विकून टाकू, घराबाहेर गेली म्हणजे झालं. आणि मनात हे पण होतं की चालू करून एकदा बघावं, म्हाताऱ्यानं लबाडी कुठं केली होती. पुरावा पाहिजे होता मला. तीस वर्षं शिव्या देत होतो आणि हातात पुरावा नव्हता.

पंधरा-वीस दिवस लागले. बॅटरी फुटलेलीच होती, लिंबानं साफ केली. पॉवर सप्लायमधले दोन कपॅसिटर फुगलेले, ते बदलले. हार्डडिस्क जाम, वर्षानुवर्षं बंद राहिली की ती आतल्या आत चिकटते, ती तळहातावर आडवी धरून मनगटानं एक झटका द्यायचा, जास्त दिला तर गेली, कमी दिला तर सुटत नाही. सुटली. बॅटरी मेली की मशीन सगळं विसरते, आपल्या पोटात कुठली डिस्क आहे हे पण विसरते, ते आकडे आपण हातानं भरायचे असतात. आकडे मला शोधावे लागले नाहीत, डब्याच्या आतल्या बाजूला बॉलपेननं लिहून ठेवलेले होते, माझ्याच अक्षरात. दुपारी तीनच्या सुमाराला बल्ब लावून बटण दाबलं. बल्ब उजळला आणि मंद झाला. स्क्रीनवर गणपतीचं चित्र आलं, रेघारेघांचं, हिरवं, आणि मग नावांची यादी.

विमल माने काढलं. पत्रिका आली, तीच, सिंह लग्न अठ्ठावीस अंश, कुंभेचा मंगळ सातव्यात. आता मी लबाडी शोधायला लागलो. तारीख बघितली, बरोबर. वेळ बघितली, बरोबर, आई नेहमी सांगायची तीच. आणि तिसऱ्या ओळीत जन्मस्थान. जन्मस्थानापुढं लिहिलेलं, खटाव.

मी यादीवर परत गेलो. मग दुसरी पत्रिका काढली, तिच्यात वाई. तिसरीत कऱ्हाड. चौथीत शिरवळ.

समजावून सांगतो, नाही तर पुण्याला जाऊन चुकीचं लिहाल. गुरुजी हातानं पत्रिका करायचे तेव्हा गिऱ्हाइकाला एक चिठ्ठी भरायला द्यायचे. नाव, बापाचं नाव, कूळ, मूळ गाव, जन्माची तारीख, वेळ. जन्म कुठं झाला हे चिठ्ठीत नव्हतंच, कशाला असेल, सगळे ग्वाल्हेरातच जन्मलेले, गुरुजींना ग्वाल्हेरचं गणित तोंडपाठ. मूळ गाव सोयरिकीसाठी लागायचं, पत्रिकेसाठी नाही. मशीन मात्र विचारायची, जन्मस्थान काय, त्याचे अक्षांश काय, रेखांश काय. आणि मी, क्लासात पहिला आलेला, चिठ्ठीवरचं मूळ गाव उचलायचो आणि घालायचो. नुसतं घालायचो नाही तर शाळेचा नकाशा मांडीवर घेऊन, पट्टी लावून त्या गावाचे रेखांश काढायचो. गुरुजी म्हणायचे, किती मेहनती पोरगा आहे. इथून तिथवर सूर्य उगवायला पंधरा मिनिटांचा फरक पडतो. ज्याचं जन्मलग्न राशीच्या मधोमध त्याला काही होत नाही, ज्याचं काठावर त्याचं लग्नच बदलतं आणि मंगळाचं घर पण. विमलचं काठावर होतं.

आणि हे लपलेलं नव्हतं हो. छापलेल्या कागदावर सगळ्यात वर गाव यायचं, ठळक. लोक ते बघून इतके खुश व्हायचे. आमच्या ओळखीचे एक काका तर कागद डोक्याला लावून रडले होते, दोनशे वर्षांनी गावाचं नाव कागदावर आलं म्हणून. शेकडो लोकांनी वाचलं, एकानं म्हटलं नाही की अरे, मी इथं कधी जन्मलो. विमलच्या कागदावर खटाव छापून आलं तेव्हा सगळ्यात जास्त छाती माझीच फुगली होती.

पत्रिका खऱ्या की खोट्या ते मला विचारू नका, मी मेकॅनिक आहे. मला एवढंच कळलं की चोर सापडला.

विमलला सांगितलं नाही. मी भित्रा आहे, लिहा तसं. तोंड मोठं असलेला माणूस आतून भित्राच असतो. हातोडा घेतला होता डिस्क फोडायला, पण चालती मशीन मी जन्मात फोडलेली नाही, हात उठला नाही. गुडगावच्या साहेबांना फोन केला की लवकर या, उद्याच या. वाटलं एकदा गेली की ती काचेत, आणि मी सुटलो.

ते आले त्या दिवशी बरोबर चारला. विमल चहा घेऊन आली पाहुण्यांसाठी, ती दुकानात एरवी येत नाही. साहेब मशीन बघून लहान मुलासारखे झाले, माने जी, एक कुंडली दिखाइए ना. मी म्हटलं, सर, प्रिंटरचा रिबन सुकलाय, अभी रहने दो. ते विमलकडं वळले, आंटी, इसमें आपकी भी है क्या. विमल म्हणाली, है. दाखव, दत्ता, त्यांना.

मला नाही म्हणता आलं नाही. काढली. विमलनं चष्मा लावला, पदरानं हात पुसले आणि वाकून वाचायला लागली. तिला कॉम्प्युटरमधलं काही समजत नाही, मोबाईलवर फोन घ्यायला येतो एवढंच. वाचता वाचता म्हणाली, जन्मस्थान खटाव. मी खटावला कधी जन्मले रे. मी तर इथं जनाना अस्पतालात जन्मले.

एका नजरेत. जे मला चार वर्षं रोज भरताना दिसलं नाही, साऱ्या लष्कराला दिसलं नाही, ते तिला एका नजरेत दिसलं. म्हणाली, हे कोणी घातलं. मी म्हटलं, मी.

ती सरळ उभी राहिली. आता ते सांगतो जे मी तीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःला पण नाही. ती म्हणाली, गुरुजी त्या दिवशी म्हणाले होते ना, की मला हे सिंह लग्न पटत नाही, मी एकदा पत्रिका हातानं करून बघतो. तू हसला होतास. तू कदमांच्या देखत म्हणालास, गुरुजी, हाताचं चुकतं, मशीन चुकत नाही. मी आईच्या मागं बसले होते, मी ऐकलं.

तिला ठाऊक होतं. मी हसलो होतो हे तिला तीस वर्षं ठाऊक होतं, आणि मी गुरुजींना शिव्या देत होतो तेव्हा ती आत भाकऱ्या करत होती आणि एक शब्द बोलली नाही. आता विचारू पण शकत नाही की का नाही बोललीस. कदाचित ती वाट बघत होती की मी आपण होऊन सांगेन.

मग साहेबांना म्हणाली, भैया, चाय पी लीजिए, मशीन बेचनी नहीं है. ते बिचारे गेले. मला म्हणाली, ग्वाल्हेर घाल. मी घातलं. कन्या लग्न दोन अंश, मंगळ सहाव्यात. सहाव्याचा मंगळ कोणी बघत नाही. छाप म्हणाली. रिबनला तेलाचं बोट लावून छापलं, पुसट आलं. ती तो कागद बघत राहिली, रडली बिडली नाही. मला वाटलं आता सुरेशचं नाव घेईल, मला मारेल, मारायला पाहिजे होतं. तिनं कागद ठेवला आणि विचारलं, आणखी किती जणी.

मी म्हटलं, ठाऊक नाही. म्हणजे सगळ्याच.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती पहिल्यांदा हरिशंकरपुरमला गेली, गुरुजींच्या नातवाकडं. मला दारात उभं केलं आणि म्हणाली, सांग. मी सांगितलं, तुमच्या आजोबांना मी चोर म्हणायचो, चोर ते नव्हते. नातवाला काही ठाऊकच नव्हतं. तो बोलला, कौन माने, अंकल वो मशीन तो कबाड़ थी, आप टेंशन मत लो. आत जाऊन पाणी घेऊन आला. ज्यांची माफी मागायची ते नाहीत, आणि ज्यांच्यासमोर मागितली त्यांना आठवत नाही. विमल मला म्हणाली, पाणी पी आणि चल. ते तिचं शेवटचं नीट बोलणं.

तेव्हापासून रोज चारला ती वही घेऊन येते. मी मशीन चालू करतो, एक पत्रिका काढतो, ग्वाल्हेर घालून पुन्हा काढतो. घर बदललं नाही तर ती नावावर रेघ मारते. बदललं तर वहीत लिहिते आणि संध्याकाळी चपला घालून त्या बाईच्या घरी जाते. या मराठी घरांचा तिला सगळा पत्ता, कोण कुठं दिली, कोण परत आली, कोणाची राहून गेली. जाऊन सांगते की तुझ्या पत्रिकेत मंगळ नव्हता, माझ्या भावानं चूक केली होती. दर घरी हेच, माझ्या भावानं. एकीनं दार लावून घेतलं. एक हसली, म्हणाली, ताई, त्या मंगळानं तर मी त्या दारुड्यापासून वाचले, तुमच्या भावाला लाडू पाठवते. एकीनं तिला धरून ठेवलं आणि सोडेना. हे मला तिनं सांगितलं नाही, बाजारात लोकांकडून कळतं. आता मी दुकानाबाहेर उभा राहिलो की लोक माझ्याकडं बघून आपापसात बोलतात, जसे पूर्वी गुरुजींकडं बघून बोलायचे. पिंक अजून कोणी टाकली नाही. टाकली तर मी धोतर उचलणार कुठलं, पँट आहे.

म्हणून ही मशीन मी मरू देत नाही. मागच्या महिन्यात स्क्रीन गेली, तर मुन्नालालकडून तशीच दुसरी शोधून तिच्यातला भाग काढून लावला. यादी अजून अर्धी पण झाली नाही. डिस्क म्हातारी झालीय, आवाज करते, रोज वाटतं आज गेली. मी देव फारसा मानत नाही, पण बटण दाबताना म्हणतो, यादी पुरी होईपर्यंत हिला जगू दे, आणि विमलला पण, आणि मला पण, मी नसलो तर हिला चालू कोण करणार.

तुम्ही म्हणाल फोटो काढू का, तर नाही. मशीनीचा काढा, माझा नको.

चार वाजले. उठा आता, ती खुर्ची तिची आहे. चपलांचा आवाज आला बघा. ती आत येऊन एवढंच म्हणेल, बल्ब लाव. दिवसभरात एवढंच बोलते माझ्याशी. मी लावतो.